थरथर थांबवणारी पीझो पट्टी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताण किंवा दाब पडला की काही स्फटिकांवर विद्युतभार जमतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले. हाच गुण असलेल्या पदार्थाची पट्टी, म्हणजे पीझो पट्टी, चिकटवून आज पातळ पत्रे आणि हलक्या सांगाड्यांची कंपने आवरता येतात. मात्र या तंत्राबद्दल काही समजुती चुकीच्या आहेत.

गैरसमज १: पट्टी चिकटवली की काम झाले.
वस्तुस्थिती: पट्टी कंपनाच्या ऊर्जेचा थोडा भाग विजेत बदलते. तिच्या तारा मोकळ्या सोडल्या, तर ती ऊर्जा लगेच हालचालीत परतते. तारांमध्ये रेझिस्टर जोडला, तरच तिची उष्णता होऊन ती कायमची जिरते.

गैरसमज २: बाहेरून वीज द्यावीच लागते.
वस्तुस्थिती: नाही. संशोधक रॉबर्ट फॉरवर्ड यांनी १९७९ मध्ये बाहेरून वीज न देता कंपने शमवण्याचा मार्ग दाखवला. हॅगूड आणि फॉन फ्लोटो यांनी १९९१ मध्ये त्याचे गणित मांडले. साध्या रेझिस्टरला बॅटरी लागत नाही.

गैरसमज ३: रेझिस्टर जितका मोठा, तितका परिणाम जास्त.
वस्तुस्थिती: रोध शून्य असेल तर व्होल्टेज उरत नाही, फार मोठा असेल तर प्रवाह वाहत नाही, दोन्हीकडे ऊर्जा जिरत नाही. योग्य मूल्य मधले असते. पट्टीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १०० नॅनोफॅरड आणि कंपन ५० हर्ट्झचे असेल, तर ते सुमारे ३२ किलोओहम येते.

गैरसमज ४: कॉइल जोडली की सगळीच कंपने थांबतात.
वस्तुस्थिती: कॉइल आणि रेझिस्टर मिळून परिणाम बराच वाढतो, पण एकाच वारंवारतेभोवती. वरच्याच उदाहरणात सुमारे १०० हेन्रीची कॉइल लागेल. ती फारच अवजड होते, म्हणून ऑप-अँप (विद्युत संकेत वाढवणारी चिप) वापरून कॉइलसारखे वागणारे विद्युतमंडल बनवतात. त्याला मात्र वीज लागते.

गैरसमज ५: पट्टी कुठेही लावली तरी चालते.
वस्तुस्थिती: एका टोकाला घट्ट बसवलेला पत्रा सर्वाधिक हलतो मोकळ्या टोकाशी, पण मूळ प्रकारच्या कंपनात सर्वाधिक ताण येतो बुडाशी. पीझो पट्टी तिथेच हवी. जास्त वारंवारतेच्या कंपनप्रकारांत तिच्या एका भागावर ताण आणि दुसऱ्यावर दाब आला, तर दोन्हींचे विद्युतभार एकमेकांना खोडून काढतात.

म्हणून आधी कंपनाची वारंवारता मोजावी, ताणाची जागा शोधावी आणि मगच मंडल जुळवावे. तापमानाबरोबर पट्टीची धारिता बदलते; त्यामुळे जुळवणी अधूनमधून तपासावीही लागते.