अर्ध्या भरतीची वेळ

कळवा सोडलं की ठाण्याच्या आधी लोकल खाडीवरून जाते. डोंबिवलीहून रोज एकच गाडी पकडणाऱ्यांना गर्दीतून दिसते ती एवढीच, अर्ध्या मिनिटाची खाडी. गाडी तीच, वेळ तीच, तरी एका सोमवारी पुलाखाली पाणी तुडुंब असतं आणि पुढच्या सोमवारी काळा चिखल, त्यात एका कुशीवर कललेली होडी. लेक पाच वर्षांची झाली आणि एकदा खिडकीशी बसून तिनं विचारलं, "पाणी कुठे गेलं?" या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या पोटापाण्याशी जोडलेलं आहे अशा माणसाकडूनच ते ऐकावं, असं मला वाटलं. म्हणून ऐरोलीच्या दिवा गावातल्या जेट्टीवर गेले. तिथे एक नाखवा भेटले. साठीच्या आसपासचे, आयुष्यभर याच खाडीत जाळं टाकलेले, आणि आता हंगामात लोकांना रोहित पक्षी दाखवायला बोट घेऊन जाणारे.

"तिथीची पाऊणपट करा," ते म्हणाले. "तेवढ्या वाजता पानी भरनार."

पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. मध्यरात्रीनंतरचे आणि दुपारनंतरचेही, कारण दिवसात पाणी दोनदा भरतं. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते. तिथून चंद्र रोज जेवढा मागे पडतो, तेवढं पाणीही मागे सरकतं, साधारण पाऊण तास. सात दिवसांत ही सरकण पाच-सव्वापाच तासांची होते, म्हणून एका सोमवारचं तुडुंब पाणी पुढच्या सोमवारी चिखल होऊन दिसतं. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर कालनिर्णयाच्या चौकटीत छापलेलं होतं. "पण मुंबईचं पानी हितं यायला वेळ लागतो," नाखवांनी पुढे जोडलं. "खाडी लांब हाय. अर्धा-पाऊण तास वर धरा."

आमच्याकडच्या मुलांच्या सहली ऋतूप्रमाणे ठरतात. पहिला पाऊस स्थिरावला की येऊर नाहीतर बदलापूरचं कोंडेश्वर, पाऊस सरला की घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळ्याची फुलपाखरांची बाग, थंडीत मलंगगडाचा पायथा. ऋतू निसर्गाचा असला, तरी वार आणि तास आपले असतात. रविवारी डबे भरायचे, सावकाश निघायचं, उन्हं उतरायच्या आत परतायचं. खाडीची सहल अशी आपल्या सोयीनं होत नाही. नोव्हेंबर ते मे हा रोहितांचा काळ, आणि त्यातही रविवार आणि तिथी जुळावी लागते. "माघातली द्वादशी रविवारी पडते," नाखवांनी सांगितलं. "पोरीला घेऊन तवा या. सकाळी साडेसातला बोट सुटली पाहिजे."

द्वादशीची पाऊणपट नऊ, खाडीचा उशीर धरून साडेनऊ. मग साडेसात का? या दोन तासांत त्यांच्या कामाचं सगळं मर्म आहे.

रोहित चिखलावर चरतो. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि थवे उठून दुसरीकडे जातात. पूर्ण ओहोटीला पक्षी भरपूर, पण बोट तिथवर पोचत नाही. मधला काळ हवा: बोटीखाली पाणी आणि पक्ष्यांखाली चिखल, दोन्ही असणारा. असा काळ भरतीआधी येतो तसा भरतीनंतरही येतो, पण नाखवा चढतं पाणीच निवडतात. "चढत्या पान्यात गालात रुतलो, तर पानीच उचलून काढतं. उतरत्यात रुतलो तर सहा तास बसा." गाळाला ते गाल म्हणतात. बोटीत लहान मूल असेल तर ही निवड किती मोलाची, हे सांगायला नको.

त्या रविवारी अंधारातच डोंबिवली सोडली, ठाण्याला ट्रान्स हार्बरची गाडी बदलली. लाइफ जॅकेट घालणं, नावं लिहिणं, बसायच्या जागा हे सगळं झटपट झालं. लेकीचं जॅकेट सैल होतं. नाखवांनी पट्टे दोनदा गुंडाळून गाठ मारली आणि हनुवटीखाली दोन बोटं घालून पाहिली. "बाय, श्वास घे बरं." मग दुसऱ्या मुलाकडे वळले.

वास पहिल्यापासून होता. कुजलेल्या पानांचा, खारा आणि थोडा गंधकाचा. काही जणांनी रुमाल नाकाला लावले. या वासाला दोन बाप आहेत. एक कांदळवनाचा चिखल. तिथे हवा शिरत नाही, पानं मुरत जातात आणि त्यातून हा वास सुटतो. तिवराच्या प्रत्येक जंगलात तो असतो आणि असायलाच हवा. दुसरा बाप आपण. दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं इथेच येत आलं आहे. नाखवांना हे दोन वास वेगळे कळतात. एका नाल्याच्या तोंडाशी ते म्हणाले, "ह्यो गालाचा नाय. ह्यो वरून आलेला."

काठानं तिवरं होती, त्यांची श्वासमुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली. उघड्या चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. पाण्याबाहेर पंखांवर रांगणारा हा मासा लेकीनं प्रथमच पाहिला आणि तिला तिथून हलायचंच नव्हतं. नाखवांनी इंजिन हळू केलं. वेळापत्रकात निवटीसाठी जागा नव्हती, ती त्यांनी आपल्या मर्जीनं काढली.

आणि मग दूरवर गुलाबी रेघ दिसली.

ठाणे खाडीत रोहित मोठ्या संख्येनं दिसू लागले ते १९९०च्या दशकात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. तिथलं पाणी आटत गेलं की थवे इकडे येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत मुंबई परिसरातला आकडा १ लाखाच्या पुढे गेलेला आहे. २०१५ मध्ये खाडीचा १६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग कांदळवन, बाकीचं पाणी आणि चिखल. २०२२ मध्ये याच खाडीचं नाव रामसर पाणथळींच्या यादीत गेलं.

इंजिन बंद झालं. नाखवांनी बांबू उचलला, कडेनं चिखलात रोवला, किती बुडाला ते पाहिलं, पुन्हा रोवला. बांबूवर दोरीच्या दोन गाठी होत्या. पाणी वरच्या गाठीपर्यंत असेल तर पुढे, खालच्या गाठीशी आलं तर थांबायचं. बोट पाण्याच्या ओढीनं आपोआप सरकत होती. बोटीतून आवाज यायला लागले, "अजून जवळ घ्या ना," "फोटोत दिसत नाहीत." नाखवांनी मागे पाहिलं नाही. ते थव्याकडे टक लावून होते, पण आम्ही बघत होतो तसं नाही.

"माना बगा," ते लेकीला म्हणाले. "खाली हायत तवर आपन पावने. वर झाल्या की आपन चोर."

मी तेव्हापासून मानाच बघते. रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो, जिभेनं पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडेच्या चाळणीत अन्न राहतं. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, मोठा रोहित लहान कवचधारी जीव आणि किडेही खातो. रंग त्या अन्नातून येतो. थवा चरत असतो तेव्हा डोकी दिसतच नाहीत, पाठी आणि पाय दिसतात. मग कडेच्या एका पक्ष्यानं मान उभी केली. मग तिघांनी. नाखवांनी बांबू आडवा रोवून बोट अडवली. आम्ही तिथेच थांबलो. हळूहळू माना पुन्हा खाली गेल्या. एक जण म्हणाला, "एवढ्यावरून फिरवणार?" नाखवा शांतपणे म्हणाले, "पुढं गेलो तर उडतील. उडाले की त्यांचं चरनं बुडलं. पानी चडतंय, त्यांच्याकडं तासभर हाय."

त्यांच्या कामातला हा क्षण माझ्या मनातून जात नाही. पैसे देऊन आलेली माणसं मागे, पक्षी पुढे आणि मध्ये एक म्हातारा हात बांबू धरून. पक्ष्यांचा तासभराचा घास त्यांनी पाहुण्यांच्या फोटोपेक्षा मोठा मानला. मुलांना निसर्ग दाखवायला नेतो तेव्हा आपण त्यांना जवळ जायला शिकवतो. कुठे थांबायचं, हे शिकवणारा माणूस क्वचित भेटतो. लेक त्यानंतर बराच वेळ दबक्या आवाजात माना मोजत होती. थव्यात काही राखाडी पक्षी होते, त्यांच्याकडे बोट करून तिनं विचारलं, "नाखवाकाका, हे मळलेत का?" ती पिल्लं. रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात. "तुज्याएवडे हायत," काकांनी सांगितलं.

परतीच्या वाटेवर पाणी बरंच चढलं होतं, चिखलाचे पट्टे बुडत होते. थव्यामागून थवा उठला आणि पंखांखालची लाल-काळी बाजू उघडी पडली. वर उच्च दाबाच्या तारा होत्या. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेनं तीसहून जास्त रोहित मेले होते, ते आठवलं. एवढ्या गजबजलेल्या आकाशात त्यांना रोज भरतीबरोबर जागा बदलावी लागते.

मी नाखवांना विचारलं, एवढे पक्षी येतात म्हणजे खाडी सुधारली का? ते बराच वेळ बोलले नाहीत. "पक्षी वाडले, मासे गेले," एवढंच म्हणाले. मग हातानं माप दाखवून सांगितलं, एके काळी इथे जिताडा केवढा मिळायचा. बोयी, कोळंबी, चिंबोऱ्या घरात कधी विकत आणाव्या लागल्या नाहीत. सांडपाण्यातली खतं शेवाळ वाढवतात आणि शेवाळावर रोहित पोसतात, असं अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या पाण्यानं नाखवांचं जाळं रिकामं केलं, त्याच पाण्यानं त्यांच्या बोटीत पाहुणे आणले. हा सौदा त्यांनी ठरवलेला नाही. गुलाबी थव्याचे फोटो पाहून खाडीची तब्येत उत्तम आहे असं समजणाऱ्यांनी एकदा कोळीवाड्यातल्या बाजाराच्या टोपल्या पाहाव्यात. मला रोहित हवेत, पण जिताडाही हवा. दोन्ही नांदतील एवढं पाणी साफ करणं शहरांच्या हातात आहे, कोळ्यांच्या नाही.

नाखवांचा मुलगा ऐरोलीतल्याच एका आयटी पार्कात गाडी चालवतो. त्याला पाऊणपट येत नाही, तो मोबाइलवर भरतीची वेळ बघून वडिलांना सांगतो. वडील ऐकून घेतात. वेळ बरोबर असते, असंही ते म्हणाले. "पन गाल मोबाइलमदी नाय."

गाळ दरवर्षी जागा बदलतो. पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी घोडबंदरच्या बाजूला आणि या खाडीतही लोटतं, डोंगरउतारांची माती येते, बांधकामांचा राडारोडा येतो, आणि मागच्या वर्षी जिथून बोट जात होती तिथे यंदा उंचवटा तयार होतो. खाडी उथळ होत चालली आहे, हे काठावरचा प्रत्येक मच्छीमार सांगतो. म्हणून पाऊस संपला की, पाहुणे यायच्या आधी, नाखवा एकटेच बोट काढतात. ओहोटीला उघडा पडलेला चिखल बघायचा, अर्ध्या भरतीला त्याच वाटेनं जायचं, दर काही वावांवर बांबू रोवायचा, कुठे वरची गाठ बुडते आणि कुठे खालची उघडी राहते ते लक्षात ठेवायचं. कागद नाही, नकाशा नाही. दसरा-दिवाळीच्या मधल्या काळात त्यांच्या डोक्यात खाडी नव्यानं आखली जाते, आणि पुढच्या पावसात ती पुसली जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यांच्यानंतर कोण, असं विचारलं तर ते मुलाच्या नोकरीबद्दल बोलतात. नोकरी चांगली आहे, पगार वेळेवर होतो, पोरगं सुखी आहे.

हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ नये असं मला फार वाटतं. ठाणे-डोंबिवलीच्या शाळांत पाढे शिकवतात, पाऊणकीही कधीकाळी शिकवत असत. चौथीच्या वर्गात कालनिर्णय घेऊन आठवड्याच्या भरतीच्या वेळा काढायला सांगितल्या आणि एका नाखव्याला त्या तपासायला बोलावलं, तर गणित, भूगोल आणि या माणसांचा मान एकाच तासात शिकवून होईल. खाडीवर नवा पूल, नवा रस्ता, नवी भर ठरते तेव्हाही ज्यांच्या डोक्यात दरवर्षीचा गाळ आहे त्यांना आधी विचारायला हवं.

जेट्टीवर उतरताना एक गृहस्थ म्हणाले, तासाभराच्या फेरीला तिकीट जरा महागच आहे. नाखवा तेव्हा दोर बांधत होते, त्यांनी ऐकलं असेल किंवा नसेल. पण त्या तासामागे पावसानंतरचे कितीतरी एकट्याचे दिवस होते, हातात बांबू घेऊन, बोटीत कुणी नसताना. तिकीट त्या दिवसांचंही असतं.