स्टार्टरच्या पेटीत काय काय असतं?

क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा असलेला आपला अहिल्यानगर जिल्हा पाण्याच्या बाबतीत दोन टोकांवर उभा आहे. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांखाली ऊस डोलतो, तर पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरकडे विहीर आणि बोअर हाच मुख्य आधार. पण संगमनेरला जा की जामखेडला, विहिरीच्या काठावर स्टार्टरची पेटी दिसणारच. रात्री थ्री फेज लाईट आली की याच पेटीच्या भरवशावर शेतकरी दारं धरायला निघतो, आणि अकोले-संगमनेरच्या उसात तर बिबट्याची भीती मनात ठेवूनच निघतो.

इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की आपल्याला मोबाईल आणि टीव्ही आठवतात. या जिल्ह्यात मात्र इलेक्ट्रॉनिक्सचं सर्वांत कष्टाचं काम धूळ, उंदीर आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या सोबतीनं या पेटीत चालतं. आतले सुटे भाग मोजकेच असतात. ते काय करतात हे शेतकऱ्याला कळलं, तर त्याची मोटर वाचते आणि शेजाऱ्याचीही.

कॉइल: धरून ठेवणारी आणि सोडून देणारी

पेटीतला मुख्य भाग म्हणजे कॉन्टॅक्टर. हिरवं बटण दाबलं की तांब्याच्या बारीक तारेच्या कॉइलमधून वीज वाहते, कॉइल लोहचुंबक होते आणि तीन फेजचे संपर्क ओढून घट्ट धरते. बटण सोडलं तरी कॉन्टॅक्टरचाच एक छोटा संपर्क कॉइलला वीज देत राहतो. लाईट गेली की चुंबकत्व संपतं, संपर्क सुटतात आणि मोटर बंद होते. लाईट परत आली तरी कुणी बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. ही मुद्दाम केलेली सुरक्षा आहे.

असे वीज जोडणारे-तोडणारे भाग बनवण्यात नगरचं नाव जुनं आहे. इथल्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअर कारखाना १९७०च्या दशकात उभा राहिला. कंपनीचा हा व्यवसाय २०२० साली श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला.

एसीची डीसी कशी होते

कॉन्टॅक्टरशेजारी बसवलेल्या ऑटो स्विचमध्ये किंवा फेज गेला की मोटर थांबवणाऱ्या प्रिव्हेंटरमध्ये हिरव्या-तपकिरी रंगाचं छोटं सर्किट असतं. त्याला १२ व्होल्ट डीसी लागते, आणि खांबावरून येते ती एसी. आधी छोटा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो. मग चार डायोड प्रवाहाला एकाच दिशेनं जाऊ देतात. १एन४००७ हा काळा, चंदेरी पट्टीचा डायोड जवळपास प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. तो १ अँपिअर प्रवाह नेतो आणि १००० व्होल्टपर्यंतचा उलटा दाब सोसतो. पट्टी कुठल्या बाजूला आहे ते पाहूनच तो बसवायचा.

डायोडमधून बाहेर पडणारी वीज सेकंदाला १०० ठोक्यांनी येते. तिला सलग करतो तो कपॅसिटर, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत कंडेन्सर. शेतातल्या हौदासारखा तो जास्तीचं साठवतो आणि कमी पडलं की सोडतो. या गोल डब्याच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते. माथा फुगला असेल, तर कंडेन्सर गेला असं खुशाल समजावं. आतला द्रव उष्णतेनं आटतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. म्हणूनच पेटीवर सावली हवी.

रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर

अंगावर रंगीत कडी असलेला बारीक नळीसारखा भाग म्हणजे रेझिस्टर. प्रवाहाला मर्यादेत ठेवणं हे त्याचं काम. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. पहिली दोन कडी आकडे सांगतात, तिसरं कडं पुढची शून्यं. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १०, पुढं दोन शून्यं: १००० ओहम. १२ व्होल्टवर लाल एलईडी लावायचा, तर तो स्वतः सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेल्या १० व्होल्टला १००० ओहमनं भागलं की प्रवाह येतो १० मिलिअँपिअर. रेझिस्टर नसेल तर एलईडी क्षणात जळेल.

ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मला. त्याच्या एका पायाला एखादा मिलिअँपिअर दिला, की दुसऱ्या पायांतून त्याच्या कितीतरी पट प्रवाह वाहतो. पेटीतल्या छोट्या रिलेला सुमारे ३० मिलिअँपिअर लागतात, ते बीसी५४७सारखा इवलासा ट्रान्झिस्टर सहज पुरवतो. रिलेच्या कॉइलला समांतर एक डायोड उलटा जोडलेला असतो. प्रवाह तोडताच कॉइल व्होल्टेजचा जोराचा झटका परत मारते, तो हा डायोड पचवतो. दुरुस्तीत हा डायोड वगळला, तर नवा ट्रान्झिस्टरही लवकरच जातो.

एक फेज गेला की

मोटर जळण्याचं मोठं कारण म्हणजे डीपीवरचा, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडणं. चालू मोटर दोन फेजवर फिरत राहते आणि उरलेल्या तारांतला प्रवाह सुमारे १.७३ पट होतो. वायंडिंग तापतं, वार्निश करपतं, आणि मोटर भरायला न्यावी लागते. प्रिव्हेंटर हे ओळखून रिले सोडतो. यात एक खोच आहे: फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच काही व्होल्टेज तयार करते. त्यामुळे नुसतं व्होल्टेज पाहणारा साधा प्रिव्हेंटर फसू शकतो. तारेतला प्रवाह मोजणारा जास्त भरवशाचा.

ऑटो आणि डीपीचं गणित

आता सर्वांत महत्त्वाचं. ऑटो स्विच लाईट आल्याबरोबर हिरव्या बटणाचं काम स्वतः करतो. रात्री दोनला उठायला नको, म्हणून शेतकरी तो लावतो, आणि ती गरज खरी आहे. पण १०० केव्हीएच्या डीपीची क्षमता सुमारे १३३ अँपिअर. ५ एचपीच्या १५ मोटरी चालू असताना प्रत्येकी साडेसात धरून सुमारे ११२ अँपिअर घेतात, निभतं. सुरू होताना मात्र मोटर सहा पटींपर्यंत प्रवाह ओढते. पंधराही एकाच क्षणी सुरू झाल्या, तर मागणी ६७५ अँपिअरवर जाते. फ्यूज उडतात, डीपी जळते आणि पिकं दिवसेंदिवस पाण्यावाचून राहतात. म्हणूनच ऑटो स्विच काढा आणि मोटरीला कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगत असतं. हा कपॅसिटर मोटरीला लागणारा चुंबकी प्रवाह जागेवरच देतो, त्यामुळे तारेवरचा आणि डीपीवरचा भार उतरतो.

लाईट आल्यावर ठरावीक वेळ थांबून मोटर सुरू करणारा टायमर कसा चालतो हे पाहिलं, तर यातून वाट दिसते. १९७२ साली बाजारात आलेली ५५५ ही आयसी रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या गुणाकाराच्या १.१ पट वेळ थांबते. १०० मायक्रोफॅरडसोबत १०० किलोओहम लावला तर ११ सेकंद, २२० किलोओहमला २४, ४७० किलोओहमला ५२, आणि १ मेगओहमला ११० सेकंद. एका डीपीवरच्या प्रत्येकाच्या टायमरची वेळ वेगळी असेल, तर मोटरी एकामागून एक सुरू होतील. एवढा फरक पाडायला एक रेझिस्टर पुरतो. मात्र तो कुणी कुठला लावायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागेल.

दिवसाची वीज

२०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा पथदर्शी प्रकल्प आपल्याच राळेगणसिद्धीत हाती घेतला गेला. शेतीला दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू. सौरपंपाच्या कंट्रोलरमध्येही हेच भाऊबंद भेटतात: डायोड, कॉइल, मोठे कपॅसिटर आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे ताकदवान ट्रान्झिस्टर. इथले कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही मिनिटं जीवघेणा भार धरून ठेवतात. तेव्हा अशा पेटीला जाणकारानंच हात लावावा, तोही थांबून, मीटरनं तपासून.

जिल्ह्यात आयटीआय आहेत, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, गावोगाव हुशार वायरमन आहेत. त्यांनी एका डीपीवरच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून एक जुनी, तारांपासून सोडवलेली पेटी उघडून दाखवली पाहिजे. फुगलेला कंडेन्सर, वगळलेला डायोड आणि थेट जोडलेला ऑटो ओळखायला एक दुपार पुरते. त्या बैठकीतून उठताना डीपीवरच्या सगळ्या मोटरींच्या वेळा कागदावर ठरलेल्या असाव्यात.