बेटांच्या वंशावळी आणि खुली दप्तरे

लाळेच्या नमुन्यावरून पूर्वजांचा माग काढून देणाऱ्या '२३अँडमी' या अमेरिकी कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार याची जगभर चर्चा झाली. परंतु वंशावळ ही कंपनीच्या मालकीची वस्तू असावी का, हा त्याहून मूलभूत प्रश्न मागेच राहिला. त्याचे एक चोख उत्तर १९९६ पासून अमेरिकेतच उपलब्ध आहे. 'यूएसजेनवेब' या प्रकल्पात एकेका काउंटीची, म्हणजे राज्याखालील जिल्हासदृश विभागाची, जबाबदारी स्वयंसेवक घेतात आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी, जनगणनेची पाने व थडग्यांवरील मजकूर उतरवून सर्वांना विनामूल्य खुला करतात.

या कामाचे मोल बेटांवर अधिक ठळकपणे कळते. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापलीकडे असलेल्या नॅन्टकेटमध्ये बेट, गाव आणि काउंटी या तिन्हींची हद्द जवळपास एकच आहे. १६५९ नंतर तेथे वसलेल्या कॉफिन, स्टारबक, मेसी, फोल्जर अशा मोजक्या इंग्रज घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत राहिल्याने एकच पूर्वज एकाच वंशवृक्षात अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतो, आणि एकाच नावाच्या अनेक व्यक्तींपैकी नेमकी कोणती हे ठरवायला आईबाप, जोडीदार व तारीख यांचा मेळ घालावा लागतो. तारखाही फसव्या असतात. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि बेटावर प्रबळ असलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देत. त्यामुळे '१७२०, बारावा महिना' अशी नोंद दिसली तर ती डिसेंबर १७२० ची नव्हे, आजच्या गणनेनुसार फेब्रुवारी १७२१ ची असते. ही खोच ठाऊक असलेला स्थानिक लेखनिक जे काम करतो, ते यंत्राच्या अंदाजावर सोपवता येणार नाही.

या परंपरेतील सर्वांत थोर नाव एलायझा स्टारबक बार्नी (१८०२–१८८९) यांचे मानावे लागेल. गुलामगिरीविरोधी चळवळीत वावरलेल्या या बाईंनी बेटावरील ४० हजारांहून अधिक लोकांची नाती हाताने लिहिलेल्या सहा वह्यांत नोंदवली, आणि नॅन्टकेटच्या ऐतिहासिक संस्थेने त्या आता ऑनलाइन खुल्या केल्याने घरबसल्या चाळता येतात. एकेका घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करणेही किती कष्टाचे असते, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. येथे तर एका बाईने सबंध बेटाचा कुलवृत्तांत मांडला.

अशा वंशावळींचा उपयोग घराण्याच्या अभिमानापुरता नसतो. त्याच राज्यातील ड्यूक्स काउंटीतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर एकोणिसाव्या शतकात दर १५५ जणांमागे एक व्यक्ती जन्मतः बहिरी असे, तर साऱ्या देशात हे प्रमाण ५,७२८ मागे एक होते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० च्या दशकात तेथील वंशावळी तपासल्या, परंतु मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा दुर्लक्षितच असल्याने ऐकू येणाऱ्या आईबापांना बहिरी मुले का होतात याचा उलगडा त्यांना झाला नाही. पुढे मानवशास्त्रज्ञ नोरा एलेन ग्रोस यांनी १९८५ च्या ग्रंथात वंशावळी व वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारे हा वारसा इंग्लंडमधील केंट परगण्यापर्यंत नेला, आणि बेटावरचे ऐकू येणारे लोकही खुणांची भाषा सहज वापरत होते हे दाखवून दिले.

स्वयंसेवकांच्या दप्तरांनाही धोका आहेच, कारण त्यांतील पुष्कळ पाने 'रूट्सवेब' या, पुढे 'अ‍ॅन्सेस्ट्री' कंपनीकडे गेलेल्या, सेवेवर ठेवलेली होती, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ती सेवाच काही काळ बंद करण्यात आली. म्हणून अशा प्रत्येक संग्रहाची प्रत सार्वजनिक ग्रंथालयात असायलाच हवी.

त्याहून मोठी उणीव आशयाची आहे. नॅन्टकेटच्या मूळ रहिवासी वाम्पानोग लोकांपैकी ३५८ जणांतले २२२ जण १७६३–६४ च्या साथीत दगावले, आणि वसाहतवाल्यांच्या नोंदींवर उभ्या असलेल्या वंशावळींत त्यांची कुटुंबे क्वचितच सापडतात. नॅन्टकेट व मार्थाज व्हिनयार्ड या दोन्ही बेटांवरील मूळ रहिवाशांनी स्वतःच्या भाषेत लिहिलेली जमिनीची खते व मृत्युपत्रे आजही शिल्लक आहेत; स्वयंसेवकांनी यापुढे त्यांतील नावे उतरवण्याचे काम वाम्पानोग समाजाला बरोबर घेऊन आधी हाती घ्यावे.