विश्लेषण : गाडीच्या तळाला गंज, पुट्टी भरायची की पत्रा कापायचा?

दाराच्या खालच्या कडेला रंगाचा फोड दिसला की गाडीमालक थेट पेंटर गाठतो. फोड घासला जातो, पुट्टी भरली जाते, वर रंग बसतो. पुढचा पावसाळा संपेपर्यंत तोच फोड त्याच जागी, थोडा मोठा होऊन परत येतो. ज्यांच्या खासगी गाडीला 15 वर्षे पूर्ण होत आली आहेत, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. त्यानंतर नोंदणी एका वेळी पाच वर्षांसाठीच वाढवून मिळते. त्यासाठी आरटीओची तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर असा खर्च येतो. तो करण्याआधी गाडीखाली एकदा वाकून पाहिलेले बरे.

गंज आतून बाहेर का येतो?

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर वेग वाढतो; किनारपट्टीवरच्या गाड्या लवकर सडतात त्या यामुळेच. ॲल्युमिनियमवर तयार होणारा थर धातूला घट्ट चिकटतो आणि खालच्या भागाचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि पाण्याला पुढची वाट मोकळी करून देतो. बहुतेक मोटारींचा पत्रा जेमतेम 0.7 ते 0.8 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साधारण एटीएम कार्डाएवढा. बाहेर फोड दिसतो तेव्हा बऱ्याचदा आतली बाजू खाऊन झालेली असते.

तळाशी पाणी येते कुठून? पुढच्या काचेचे कडक झालेले रबर, दाराच्या खालच्या कडेची बुजलेली भोके, तुंबलेली एसीची नळी. हे पाणी कार्पेटखालच्या नमद्यात मुरते आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राहते. हौसेने बसवलेले रेक्झिनचे फ्लोअर लॅमिनेशन वरून कोरडे दिसते, पण खालची ओल अडवून धरते. पुरात बुडालेल्या गाड्यांचे दुखणे वेगळेच. चिपळूणमध्ये जुलै 2021 मध्ये आला तसा पूर गाडीवरून गेला, की बंद पोकळ भागांत गाळ बसतो. आतून धुऊन सीट वाळवल्या तरी तो गाळ निघत नाही आणि प्रत्येक पावसात पुन्हा ओला होतो.

तळ म्हणजे नुसती फरशी नव्हे

मारुती 800 सह बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ रनिंग बोर्ड आणि छताचे खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. सीटचे बोल्ट, सीटबेल्टचे खालचे टोक, जॅक लावायची जागा हे सगळे या सडणाऱ्या भागातच येते. पायाजवळ पत्र्याच्या मधोमध रुपयाएवढे भोक असेल तर काम सोपे. त्याच आकाराचे भोक सीटच्या बोल्टशेजारी असेल तर अपघातात सीट जागेवर राहील याची खात्री उरत नाही. जीप, बोलेरोसारख्या गाड्यांत बॉडी वेगळ्या चासीवर बसते. तिथे तळाच्या पत्र्याइतकीच चासी तपासावी लागते.

परीक्षा घरीही करता येते. कार्पेट उचलायचे आणि बोथट स्क्रूड्रायव्हरने संशयित जागा दाबून पाहायची. चांगला पत्रा दाद देत नाही; सडलेला कुरकुरतो किंवा आत जातो. बाहेरून लहान चुंबक फिरवला तर जाड पुट्टी भरलेल्या जागी तो पकडत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी हा सर्वांत स्वस्त उपाय. चकचकीत काळे, ताजे अंडरकोटिंग दिसले तर कौतुकाआधी शंका घ्यावी.

दुरुस्ती नेमकी कशी होते?

गंज नुसता वरवरचा असेल तर वायर ब्रशने लख्ख धातूपर्यंत घासून, फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर लावून, एपॉक्सी प्रायमर आणि रंग दिला की भागते. भोक पडले असेल तर दुसरा उपाय नाही, पत्रा कापावाच लागतो. फायबरची चटई आणि रेझिन चिकटवून भोक दिसेनासे होते, पण सांगाड्याची ताकद परत येत नाही.

सीट, कार्पेट, ट्रिम काढण्यातच बराच वेळ जातो आणि मजुरीचा मोठा वाटा तिथे असतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या तळाखालूनच जातात; सीएनजी किट असेल तर गॅसची नळीही. पलीकडे काय आहे हे न पाहता लावलेली ठिणगी संपूर्ण गाडी जाळू शकते. आवाज दाबण्यासाठी चिकटवलेली डांबरी शीटही पेट घेते.

पुढचे काम डेंटरचे. गंजलेला भाग सशक्त पत्रा लागेपर्यंत कापायचा. खरी चालढकल इथेच होते, कारण पातळ पडलेल्या कडेवर वेल्डिंग धरत नाही आणि सहा महिन्यांत नवे ठिगळ कडेने सुटते. जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंगची उष्णता पसरते आणि पातळ पत्रा वाकतो. सीओटू वेल्डिंगने लांब-लांब अंतरावर टाके घालत, मध्ये थंड होऊ देत हे काम नीट होते. जस्त चढवलेला पत्रा वापरला तर वेल्डिंगच्या जागचे जस्त आधी घासून काढावे. त्याच्या धुराने कारागिराला ताप भरतो.

जोडावर सीम सीलर, मग एपॉक्सी प्रायमर, रंग आणि खालून अंडरकोट. रनिंग बोर्डच्या पोकळीत मेण फवारायचे, कारण वेल्डिंगने आतला रंग जळलेला असतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. पाणी निघून जायची भोके मात्र बुजता कामा नयेत. पुढचे फेंडर बहुतेक गाड्यांत बोल्टवर असतात. त्यांना ठिगळ लावण्यापेक्षा नवे बसवणे परवडते.

काम दिले असेल तर प्रायमर मारण्याआधी एकदा गॅरेजला चक्कर मारावी. रंग चढल्यावर चांगले आणि वाईट वेल्डिंग सारखेच दिसते.

गाडी जॅकवर उचलल्यावर दारे नीट लागत नसतील, किंवा सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडले आहे तिथला पत्रा पापुद्र्यांसारखा निघत असेल, तर ठिगळांवर पैसे घालू नयेत. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तिथे मिळणारे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट जपून ठेवावे, नवी गाडी घेताना करसवलतीसाठी ते लागते. जुन्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचीही खात्री करून घ्यावी.