नकलेतून सुटलेला ठिपका

रुईच्या झुडपाभोवती संथपणे घिरट्या घालणारे नारिंगी फुलपाखरू महाराष्ट्रात जवळपास कुठेही दिसते. पुढच्या पंखांची टोके काळी, त्या काळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा तिरका पट्टा आणि पंखांना काळी किनार. एवढे पाहून बहुतेक जण ‘प्लेन टायगर’ असे नाव सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण याच रंगाचे, अशाच पट्ट्याचे आणि अशाच संथ चालीचे आणखी एक फुलपाखरू त्याच माळावर उडत असते. ती डॅनेड एगफ्लायची मादी. प्लेन टायगरचा सुरवंट रुईवर वाढतो, एगफ्लायचा घोळीवर. एगफ्लायचा नर तर नारिंगी नसतोच: काळेभोर पंख, त्यांवर मोठे पांढरे गोल आणि त्या गोलांभोवती निळी-जांभळी झळाळी. मादीला नराचे रूप नाही, ती दुसऱ्याच जातीचे रूप घेऊन वावरते. अशा सारख्या दिसणाऱ्या जातींच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. पंखांवरची जी खूण सर्वांत आधी डोळ्यांत भरते, तिच्यावर ओळख ठरवू नये. पुष्कळदा ती खूण पाहणाऱ्याला फसवण्यासाठीच तशी घडलेली असते. खरी ओळख पटते ती नकलेतून सुटून गेलेल्या बारीक खुणांवरून.

हे असे का, हे समजायला पक्ष्याच्या नजरेने पाहावे लागते. रुईच्या कुळातील वनस्पतींच्या चिकात विष असते. प्लेन टायगरचा सुरवंट ते अंगात साठवतो आणि पुढे फुलपाखरातही ते उतरते. अमेरिकेत मोनार्क हे याचेच भाऊबंद. लिंकन ब्रॉवर यांनी १९६०च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना विषारी मोनार्क खायला दिले, तेव्हा ते ओकले आणि नंतर मोनार्कला शिवेनासे झाले. एकदा अद्दल घडलेला पक्षी तसाच दिसणाऱ्या बिनविषारी फुलपाखरालाही टाळतो. हेन्री बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून १८६२मध्ये मांडलेला विचार हाच. पण पक्षी ठिपके मोजत बसत नाही. तो दुरून आणि क्षणार्धात ठरवतो, आणि विष खाण्याची चूक त्याला महागात पडते. त्यामुळे नारिंगी रंग, काळे टोक आणि पांढरा पट्टा एवढे जुळले की नकलेचे काम भागते. त्यापलीकडचे जुळवण्याचा दबाव कमी होत जातो, आणि आपल्याला हवा असलेला पुरावा नेमका तिथेच शिल्लक राहतो.

प्लेन टायगरचा मागचा पंख जवळून पाहा. मधल्या भागाभोवती मादीला तीन काळे ठिपके असतात आणि नराला चौथाही असतो. डॅनेड एगफ्लायच्या मादीला तिथे एकच काळा ठिपका असतो, तोही पंखाच्या वरच्या कडेजवळ. या ठिपक्यांवर भरवसा का ठेवावा, याचा उत्तम पुरावा या दोन जातींच्या वेगळ्या रूपांतून मिळतो. प्लेन टायगरच्या एका रूपात पुढच्या पंखाचे काळे टोक आणि पांढरा पट्टा दोन्ही नाहीसे होतात. हे ‘डोरिपस’ रूप आफ्रिकेत बरेच आढळते, आपल्याकडे क्वचित. एगफ्लायच्या मादीचेही एक रूप अगदी तसेच, बिनपट्ट्याचे असते. म्हणजे ठळक नक्षी बदलली की नक्कल करणारीही तिच्यामागे बदलली. मागच्या पंखावरचा तो एकुलता ठिपका मात्र तसाच राहिला.

कॉमन मॉरमॉनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणाऱ्या या जातीत काही माद्या नरासारख्या काळ्या आणि मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेल्या, काही कॉमन रोझसारख्या, तर काही क्रिमझन रोझसारख्या असतात. ही दोन्ही रोझ फुलपाखरे सापसंदाच्या कुळातल्या विषारी वेलींवर वाढतात. मॉरमॉनच्या या बहुरूपी माद्यांकडे आल्फ्रेड वॉलेस यांनी १८६५मध्येच लक्ष वेधले होते. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये दाखवून दिले की, हा सगळा रूपपालट ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या ताब्यात आहे. पंखांवरची लाल-पांढरी नक्षी अशी हुबेहूब वठली, पण अंग तसेच राहिले. दोन्ही रोझचे डोके आणि पोट लालभडक असते, मॉरमॉनची मादी कितीही सजली तरी तिचे अंग काळेच. इथे कोणी रास्त शंका काढेल की, एवढे लाल अंग पक्ष्याला दिसत नाही का? दिसत असणारच. पण उडताना नजरेत भरते ते पंखांचे मोठे क्षेत्र, अंग त्यांच्या मध्ये चिंचोळे राहते. शिवाय संशय आला तरी धोका पत्करण्याइतका पक्ष्याचा फायदा होत नाही. आपल्याला तसली घाई नसते, आणि फुलपाखरू फुलावर बसले की अंगाचा रंग पाहायला एक नजर पुरते.

साधर्म्याची सगळीच उदाहरणे नकलेची नसतात. ग्रास यलो ही पिवळी, काळ्या किनारीची छोटी फुलपाखरे एकमेकांच्या जवळची नातेवाईक म्हणूनच सारखी दिसतात. त्यांतील कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाजवळच्या मोठ्या बंदिस्त कप्प्यात दोन बारीक खुणा असतात, थ्री-स्पॉट ग्रास यलोला तीन. यावर जाणकारांचा आक्षेप असतो की अशा खुणा फसव्या आहेत: एखाद्यात पुसट, एखाद्यात ठळक, कोरड्या ऋतूत तर खालची बाजू तपकिरी डागांनी भरून जाते. आक्षेप खरा आहे, पण त्यातून खुणा निरुपयोगी ठरत नाहीत. खुणेचा आकार आणि गडदपणा बदलतो, तिची जागा सहसा बदलत नाही. पंखावरच्या शिरांनी कप्पे पाडलेले असतात आणि बहुतेक ठिपके त्या कप्प्यांच्या हिशेबानेच उमटतात. बुशब्राउन या भुऱ्या फुलपाखरांत हे स्पष्ट दिसते. पावसाळ्यात त्यांच्या पंखांखाली टपोरे डोळे असतात, उन्हाळ्यात ते आकसून टिंबाएवढे उरतात. तरीही कॉमन बुशब्राउनच्या मागच्या पंखावरच्या शेवटच्या चार डोळ्यांची केंद्रे दोन्ही ऋतूंत एका सरळ रेषेत नसतात. म्हणून नुसता डोळ्यांचा आकार पाहू नये, ते कोणत्या कप्प्यात आणि कोणत्या रेषेत आहेत ते पाहावे.

मोबाइलवर फोटो टाकला की नाव मिळते, मग ही उठाठेव कशाला, असेही विचारले जाते. त्या सोयीचा उपयोग आहे आणि तो करावाच. पण अ‍ॅपलाही तेवढेच दिसते जेवढे फोटोत आले आहे. एगफ्लायचा मागचा पंख झाकलेला असेल किंवा ग्रास यलोची फक्त वरची बाजू टिपली असेल, तर निर्णायक खूण फोटोत नाहीच, आणि आलेले नाव हा अंदाज राहतो. कोणती बाजू टिपायची हे आधी माणसाला ठाऊक असावे लागते. आणि चुकले तर बिघडले कुठे, असे म्हणणाऱ्यांनी कायद्याकडे पाहावे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत क्रिमझन रोझ आणि डॅनेड एगफ्लाय यांची नावे घालण्यात आली होती. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या मॉरमॉनला आणि प्लेन टायगरला तिथे जागा नव्हती. नोंदीत मॉरमॉनची मादी क्रिमझन रोझ झाली, तर जिथे सापसंद उरलेली नाही तिथेही रोझ सुखरूप असल्याचा समज पसरतो. लोकांनी केलेल्या नोंदी आज अभ्यासकांच्या कामी येतात, म्हणून ही चूक एकट्याची राहत नाही.

काही वेळा सगळ्या खुणा पाहूनही नाव ठरत नाही. विटका पंख, उडून गेलेले तुकडे, खुणांची संख्या दोन की तीन हे कळू नये असा डाग. अशा वेळी नोंदीत ‘ग्रास यलो, जात अनिश्चित’ एवढेच लिहिणे हे चुकीच्या नेमकेपणापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. मादी अंडी घालताना दिसली तर मात्र पंख सोडून पानाकडे पाहावे. कॉमन ग्रास यलो एकेक अंडे सुटे घालते, थ्री-स्पॉटची अंडी पानावर झुबक्याने असतात आणि तिचे सुरवंटही घोळक्याने राहतात.