नावात मांजर, पोटात मुंग्या

गारगोटीच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रानात एखादे वारूळ रातोरात खणलेले दिसले, तर तो उद्योग अस्वलाचा असू शकतो, नाहीतर खवले मांजराचा. अस्वल सगळ्यांना ठाऊक असते. खवले मांजराला मात्र कोणी साळिंदर समजते, तर कोणी ‘मुंगीखाऊ’.

साळिंदर हा उंदराच्या कुळातला, कंदमुळे खाणारा प्राणी. त्याच्या अंगावर काटे असतात, खवले नव्हेत. खरे मुंगीखाऊ भारतात नाहीतच. ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेत राहतात, अंगावर केस असतात आणि नाते आहे झाडाला उलटे लटकणाऱ्या स्लॉथशी. आफ्रिकेतला आर्डव्हार्क डुकरासारखा दिसतो, पण त्याचे दूरचे आप्त हत्ती. ऑस्ट्रेलियातला काटेरी एकिडना तर सस्तन असूनही अंडी घालतो!

मग हे सगळे एकमेकांसारखे का? कारण त्यांचे जेवण एकच. वारूळ फोडायला दणकट नखे, बिळात घालायला लांबट तोंड आणि मुंग्या टिपायला लांब, चिकट जीभ लागते. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या कुळांत ही हत्यारे स्वतंत्रपणे घडली. शास्त्रज्ञ याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. गंमत म्हणजे, जनुकीय अभ्यासानुसार खवले मांजराचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल यांचा मांसाहारी गट. म्हणजे ते मांजर नसले, तरी आपले मराठी नाव फारसे चुकलेले नाही.

खवले मांजराला दात नसतात. गिळलेल्या मुंग्या-वाळवी जठरात बारीक खड्यांच्या मदतीने दळल्या जातात. संकट आले की ते अंगाचा गोळा करते. बिबट्यापुढे ही युक्ती चालते; माणसापुढे तीच घात करते. गोळा झालेला प्राणी पळत नाही, त्याला सरळ पोत्यात भरता येते. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

ही शिकार होते मुख्यतः खवल्यांसाठी. ते औषधी आहेत, असा समज आशियात जुना आहे. प्रत्यक्षात खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपली नखे आणि केस ज्याचे बनतात त्याच प्रथिनाचे. त्यांनी कोणताही आजार बरा होतो, याला शास्त्रीय आधार नाही. २०१६ मध्ये ‘साइट्स’ करारातील देशांनी खवले मांजरांच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली. २०२० मध्ये चीननेही आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले वगळले. भारतात हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते.

कोकणात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन याच्या संरक्षणाचे काम उभे केले. घाटावरही फार वेगळे काही करायचे नाही. खवले मांजर दिसले तर गर्दी करू नका, उचलू नका, त्याला वाट द्या. जखमी असेल किंवा कोणी विकत असल्याचे कळले, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि कोणी औषध म्हणून खवला पुढे केलाच, तर आधी स्वतःच्या बोटाचे नख पाहा. पदार्थ तोच आहे.