मारिओच्या उडीत दोन गुरुत्वाकर्षणं

नागपुरातला मे महिना. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आत कूलरची घरघर आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली आम्ही चार पोरं. बर्डीच्या बाजारातून आणलेला व्हिडिओ गेम. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. नव्वदच्या दशकात अशी सुट्टी ज्यांनी घालवली त्यांना आठवत असेल, खड्डा आला की पडद्यावर उडी मारणाऱ्या मारिओबरोबर हातातला रिमोटही वर जायचा. कधी कधी अख्खं पोरच जागेवरून उठायचं. का बरं?

कारण ती उडी बोटाचं ऐकते.

एखादा दगड वर फेका. हातातून सुटला की त्याच्यावरची तुमची सत्ता संपली. मारिओ मात्र जमीन सोडल्यावरही तुमच्याच ताब्यात असतो. बटण टिचकीसारखं दाबलं तर तो जेमतेम एक वीट उडतो, दाबून धरलं तर चार विटा. आणि पळत येऊन उडी मारली तर पाच! हे होतं कसं?

मारिओच्या जगात गुरुत्वाकर्षण एक नाही, दोन आहेत. बटण दाबलेलं असताना, मारिओ वर चढत असताना, जमीन त्याला हलकेच ओढते. बोट उचललं, किंवा तो टोकाला पोचून खाली वळला, की त्याच क्षणी ओढ तिपटीहून जास्त होते. म्हणून उभ्या जागेवरून मारलेल्या पूर्ण उडीत वर जायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढंच अंतर उतरायला त्याहून बराच कमी. न्यूटनच्या जगात दोन्हीला सारखाच वेळ लागला असता. मारिओची उडी खोटी आहे, आणि खोटी आहे म्हणूनच हाताला खरी वाटते! वर तरंगत असताना विचार करायला सवड मिळते, खाली मात्र तो ठाम येतो, जिथे हवा तिथे. शिवाय हवेतल्या हवेत त्याला मागेही खेचता येतं. हा सगळा हिशेब ते यंत्र सेकंदाला ५०-६० वेळा नव्यानं मांडतं. मग बोटाबरोबर खांदेही उचलले गेले तर नवल काय?

आता दुसरी गंमत. आमच्याकडे खेळाचं माहितीपुस्तक नव्हतं, आणि शिकवायला कुणी मोठा दादाही नव्हता. तरी पहिल्या दुपारीच सगळं कळलं. कुणी शिकवलं? पहिल्या लेव्हलनंच. सुरुवातीलाच एक तपकिरी प्राणी उजवीकडून चालत येतो. नुसते उभे राहिलात तर मरता, आणि मेलात तरी गमावता फक्त दोन-चार सेकंद. पुन्हा आलात की उडी मारता. मग प्रश्नचिन्हाच्या विटेतून अळंबी निघते. दिसते थोडी त्या प्राण्यासारखीच, म्हणून भीती वाटते. ती उजवीकडे घरंगळते, हुश्श! पण पुढे पाइपला आपटून उलटी तुमच्याच अंगावर येते. घाबरून उडी मारावी तर वरच्या विटांना डोकं आपटतं आणि तुम्ही खाली, नेमके तिच्यावर. मारिओ एकदम मोठा होतो. धडा संपला, एक अक्षरही न वाचता! शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी १९८५ मध्ये जपानमध्ये रचलेला हा सापळा नागपूरच्या मराठी पोरांनाही तितक्याच सहज कळत होता. मला तर अख्ख्या खेळातली ही सगळ्यांत हुशार जागा वाटते.

आणि हे सगळं मावलंय किती जागेत? ४० किलोबाइट. सकाळी सकाळी मोबाइलवर येणारा शुभेच्छांचा फोटो बहुतेक वेळा याहून मोठा असतो. त्या ४० किलोबाइटांत ३२ लेव्हल, सगळे शत्रू, सगळं संगीत. लेव्हलचं चित्र साठवलेलंच नाही, गवंड्याला सांगावं तशा सूचना आहेत: इथे पाइप, एवढा उंच, इथे विटांची रांग, एवढी लांब. एका सूचनेला जागा बहुधा दोनच बाइट, म्हणजे दोन इंग्रजी अक्षरांएवढी.

चित्रांतही तोच काटकसरीचा संसार. आभाळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचा आकार एकच आहे. पांढरा रंग भरला की ढग, हिरवा भरला की झुडूप. कित्येक सुट्ट्या आम्ही त्या दोघांच्या मधून धावत गेलो, चौघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही.